वामनमास्तरांचा घोडा

कुणी ‘बसा’ म्हटलं की वामनमास्तरांना रागच यायचा. ‘मी काय खुडूक कोंबडी हाय व्हय, बसायला?’ असं म्हणत ते दारातच उभे राहायचे. छत्री या हातातून त्या हातात, त्या हातातून या हातात. लग्नाच्या पंगतीत भात वाढून व्हायच्या आत यांचं लक्ष उठण्याकडं. शाळेत तास नसला की आम्ही दोघं एकाच खोलीत बसायचो, म्हणजे मी बसायचो. ते खिडकीशी, मग कपाटाशी, मग दारात, आणि शेवटी माझ्या मागं उभं राहून मी काय वाचतोय ते वाचायचे. मागं उभं राहून वाचणाऱ्या माणसाचा मला भयंकर तिटकारा आहे. ‘अहो मास्तर, पुढं तरी या नाहीतर बाहेर तरी जा!’ असं मी खेकसलो की ते मुकाट्यानं बाहेर जायचे आणि लगेच परत यायचे.

आणि असला हा पायाला भिंगरी लागलेला माणूस बुद्धिबळात अख्ख्या बेळगावात पहिल्या नंबरचा! नवख्या माणसाला सांगून खरं वाटत नसे. पटापुढं ते बसायचे तेसुद्धा चटईच्या काठावर, गाडी सुटायची वेळ झाल्यासारखे. गुडघे हलताहेत, पायाची बोटं चटईवर तबला वाजवताहेत. समोरच्याचं चित्त कसं थाऱ्यावर राहणार? मी बुद्धिबळ खेळायचो ते हरण्यापुरतं, त्यामुळं मला त्यांच्या पायांचं काही नव्हतं. पण भले भले वकील त्या पायांनी हैराण व्हायचे.

त्यांचा जीव घोड्यावर. वजिराबद्दल त्यांना फारसा आदर नव्हता. ‘तो मामलेदार हाय. कुठंबी घुसतोय, त्यात काय कौतुक?’ हत्ती सरळ जातो, उंट तिरका जातो, दोघांच्याही वाटेत कुणी आडवं आलं की थांबले. घोडा मात्र मधे कोण बसलंय त्याला विचारत नाही, हे त्यांना फार आवडायचं. मला ते शिकवायचे, ‘दत्तू, घोडा शोधताना घोड्याकडं बघायचंच न्हाय. समोरचा कुठं निवांत बसलाय ते बघायचं. निवांत बसलेल्या माणसाच्या बगलेत घोड्याचं घर असतंय.’ मी बघायचो. मला सगळेच निवांत दिसायचे.

असं घर सापडलं की मात्र मास्तरांना बसवत नसे. ताडकन उठायचे, खोलीला एक फेरी मारायचे, परसात जाऊन म्हशीच्या पाठीवर थाप मारायचे, तोंडावर पाणी मारून परत यायचे आणि उभ्याउभ्याच घोडा उचलून ठेवायचे. त्यामुळं मास्तर उठले की समोरच्यानं समजून जायचं. काही जण तर ते परसातून यायच्या आत डाव मोडून टोपी घालायचे. त्याचं मास्तरांना मनापासून वाईट वाटायचं. ‘अहो, खेळू तरी द्यायचं हुतं मला! एवढं सापडलं हुतं!’ म्हणून लहान पोरासारखे हिरमुसायचे.

एकदा शाळेत तपासणीला दिपोटीसाहेब आले होते. मास्तर फळ्यावर हौदाचं गणित सोडवत होते, एका नळानं भरतो आणि दुसऱ्यानं गळतो तसलं. दिपोटीसाहेब मागच्या बाकावर बसलेले, हेडमास्तर दारात उभे. निम्म्या गणितात मास्तरांचा खडू थांबला. ते फळ्याकडं बघत राहिले, मग फळ्यापलीकडं बघत राहिले. ‘आयला!’ एवढाच शब्द पोरांना ऐकू आला. खडू टेबलावर, टोपी डोक्यावर, आणि मास्तर दिपोटीसाहेबांना नमस्कार करून चक्क वर्गाबाहेर! खडे बाजारातल्या शेट्टींच्या दुकानात आदल्या दिवशी डाव अर्धा राहिला होता, त्यातलं घर यांना हौदाच्या तळाशी दिसलं होतं. घोडा खेळून, शेट्टींचा चहा पिऊन ते परत आले तेव्हा दिपोटीसाहेब शेरा लिहून गेलेसुद्धा. हेडमास्तरांनी जी काय खरडपट्टी काढली ती शेजारच्या वर्गात मला शब्दन् शब्द ऐकू आली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, ‘मास्तर, तासाभरानं गेला असता तर शेट्टी काय पळून जात होते?’ तर म्हणतात, ‘नळ काय, उद्याबी गळतील. शेट्टीनं दुकान बंद केलं असतं म्हणजे?’ मी हात जोडले.

निपाणीची गोष्ट मात्र वेगळी. ती सांगायची तर आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. तेव्हा आम्ही देशी पद्धतीनं खेळायचो. प्यादं एकेका घरानंच सरकायचं, राजाला डावात एकदाच घोड्यासारखी उडी मारायची मुभा, असले कायदे. आणि या खेळात मात कशानं झाली याला मान असायचा. वजिरानं, हत्तीनं, घोड्यानं मात झाली तर हरणाऱ्याला काही कमीपणा नाही. पण प्याद्यानं मात, म्हणजे प्यादेमात, ही कपाळावर डाग बसल्यासारखी. त्यातून आधी सांगून प्यादेमात दिली तर विचारूच नका. शिपुर्ड्यानं राजाला बखोटीला धरून बाहेर काढल्यासारखंच ते.

निपाणीत तंबाखूचे एक मोठे व्यापारी होते. त्यांनी मुद्दाम निरोप धाडून मास्तरांना खेळायला बोलावलं. मी सोबत गेलो. डाव मांडला तोही वखारीत, तंबाखूच्या बोदांमधे, म्हणजे गच्च भरलेल्या गठ्ठ्यांमधे. मी सारखा शिंकतोय, मास्तर सारखे पाय हलवताहेत आणि व्यापाऱ्याभोवती त्यांची माणसं, गिऱ्हाइकं, हमाल सगळे गोळा झालेले. व्यापारी बोलायला जरा फटकळ. ‘बेळगावचे मास्तर पोरांना हरवून मोठे झालेत,’ असं काहीतरी म्हणाले. झालं! मास्तरांचे पाय एकदम थांबले. ‘शेठ, प्यादेमात देतो तुम्हाला,’ म्हणाले, आणि दिली. शेठ उठले ते आत गेले. आमची पानं मांडली होती, पण शेठ जेवायला आले नाहीत.

परतताना मोटार संकेश्वरला थांबली तर मास्तर खाली उतरून म्हणतात, ‘दत्तू, मी माघारी जातो. माफी मागून येतो.’ त्यांना मोटारीत परत चढवताना माझ्या नाकी नऊ आले. ‘अहो, खेळ तो खेळ,’ मी म्हटलं. ‘न्हाय रं,’ ते म्हणाले, ‘त्याच्याच माणसांदेखत मी त्याला उघडा केला. हे लई वाईट केलं मी.’ त्या दिवसापासून त्यांनी कुणाला प्यादेमात दिली नाही. आयती समोर आली तरी वळसा घालून हत्तीनं मात करायचे.

आता बेचाळीस सालातलं सांगतो. ते सांगायलाच तर मी लिहायला बसलोय.

माझा धाकटा भाऊ मधू चळवळीत होता. खानापूरकडच्या तारा तोडल्याबद्दल त्याच्यावर वॉरंट होतं, सापडला असता तर वर्षानुवर्षं आत गेला असता. माझ्या घरावर पोलिसांची पाळत. म्हणून एका पहाटे तो मला न विचारता वामनमास्तरांच्या दारात जाऊन उभा राहिला. मास्तरांचा राजकारणाशी काडीचा संबंध नव्हता. ‘राज्य गोऱ्याचं असू दे न्हायतर काळ्याचं, घोडा अडीचच घरं जातोय,’ असं म्हणणारा माणूस. पण त्यांनी मधूला एक शब्द न विचारता आत घेतलं आणि गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांमागं त्याचं अंथरूण घातलं. बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, एवढंच म्हणाले, ‘आजपासनं भाकरी जादा लागंल.’

बेत साधा होता. येळ्ळूरचा भरमा दर रविवारी दुपारी गाडी घेऊन शेणखत न्यायला यायचा. त्याच्या गाडीतून, मुंडासं बांधून, गडी म्हणून मधूनं येळ्ळूर गाठायचं. तिथून रानावाटेनं कणकुंबी, आणि डोंगर उतरला की गोव्याची हद्द.

अडचण एकच होती. दर रविवारी दुपारी पाटील फौजदार मास्तरांकडं खेळायला यायचे.

फौजदार निपाणीकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. अंगानं दांडगा, तपकिरीचा शौकीन आणि मनानं तसा सरळ माणूस. मास्तरांकडून ते नेमानं हरायचे आणि पुढच्या रविवारी नेमानं यायचे. डाव संपला की तपकिरीचे हात धुवायला परसातल्या विहिरीवर जायचे, आणि तिथून म्हशीशी बोलायला गोठ्यात. ‘घरची आठवण येते मास्तर,’ म्हणायचे. त्या रविवारी बंदोबस्ताला ते बाहेरगावी जाणार असं कळलं होतं, म्हणून आम्ही निर्धास्त. मी मधूचा निरोप घ्यायला गेलेलो, तर दारात हे दत्त म्हणून उभे! ‘बंदोबस्त रद्द झाला,’ म्हणाले, शिपायाला पायरीवर बसवलं आणि आत येऊन बैठक मारली.

मास्तरांनी पट मांडला. दुसरं करणार काय? भरमाची गाडी अजून आलेली नव्हती. डाव संपला की फौजदार गोठ्यात जाणार, हे मला कळत होतं, मास्तरांना कळत होतं, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या वहिनींना तर सगळ्यांत जास्त कळत होतं.

एरवी फौजदार बेताचंच खेळायचे. त्या दिवशी तर अगदीच निष्काळजी खेळले. उडी मारून राजा कोपऱ्यात नेला, पुढं प्याद्यांचं कुंपण घातलं आणि तपकीर ओढत आरामात टेकले. मास्तरांचे पाय चटईवर वाजायला लागले, आणि मग थांबले. मी पटाकडं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच मला घोड्याचं घर आपलं आपण दिसलं! कुंपणाच्या अगदी तोंडाशी घोडा ठेवला की राजाला शह आणि वजिरावर घाला. घोड्याला मारू शकणारं प्यादं एकच, पण ते हललं की मागच्या राजावर मास्तरांचा हत्ती थेट येत होता, म्हणजे त्याला हलताच येत नव्हतं. वजीर गेला की डाव गेला. पाच मिनिटांत फौजदार विहिरीवर असते.

मास्तर उठले नाहीत. ते काय झालं ते मी कसं सांगू? त्यांनी आपला उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला. कपाळावर घाम आला. गुडघा उसळायचा, ते डाव्या हातानं तो खाली दाबायचे. अख्खं अंग उठायला निघालंय आणि माणूस त्याला धरून बसलाय! मला त्यांच्याकडं बघवेना. बराच वेळ असा गेल्यावर त्यांनी हात मांडीखालून काढला आणि पार कडेचं एक प्यादं एक घर पुढं सरकवलं.

फौजदार पटावर वाकले. त्यांची तपकिरीची चिमूट नाकाशीच राहिली. मग त्यांनी नेमकं त्या घरावर बोट ठेवलं.

‘मास्तर, हितं घोडा हुता की तुमचा!’

मास्तर त्या कडेच्या प्याद्याकडंच बघत राहिले.

‘तुमाला दिसला न्हाय? तुमाला?’ फौजदारांनी मास्तरांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग आतल्या दाराकडं. ‘घरात काय झालंय का? बरं न्हाय का कुणाला?’ असं म्हणत त्यांनी गुडघ्यावर हात टेकला आणि उठायला लागले. ‘थांबा, जरा हात धुऊन येतो, मग बोलू.’

वहिनींच्या हातातला तांब्या खाली पडला.

‘बसा हो फौजदार,’ मास्तर म्हणाले. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. तुसडा, माजोरी. ‘तुमाला मारायला घोडा कशाला वाया घालवू? तुमची लायकी प्याद्याची. आज प्यादेमात देणार हाय तुमाला, म्हणून सोडला घोडा. जमत नसंल तर जावा, हात धुवा.’

फौजदारांचा चेहरा असा तांबडा झाला की मला वाटलं आता हे हात उगारतात. इतकी वर्षं मानानं येणारा माणूस, त्याला त्याच्याच शिपायाला ऐकू जाईल असं हे बोलणं! त्यांनी डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली, कोटाची बटणं सोडली आणि बसकण मारली. ‘देऊन दाखवा,’ म्हणाले. ‘आता मी हितनं हलत न्हाय.’

आणि खरंच हलले नाहीत. वजीर काढून घेतला, कुंपण नीट केलं, एकेका खेळीला पोटभर विचार करायला लागले. इकडं भरमाची गाडी आली. बैलांची घुंगरं, फावड्याचे आवाज, भरमाचं ‘उचल रं बाळ्या, हात चालीव’ असं मुद्दाम मोठ्यानं ओरडणं, सगळं मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. हा बाळ्या म्हणजे माझा मधू. फौजदारांनी मानसुद्धा वर केली नाही. गाडी बोळातून वाजत वाजत गेली. वहिनींनी दारातून मास्तरांकडं बघून हळूच डोळे मिटले.

आता मास्तर मोकळे होते. मी मनात म्हटलं, संपवा आता एकदाचं! त्यांचे पायही पुन्हा सुरू झाले होते, ते जिंकायलाच खेळत होते हे मला दिसत होतं. पण फौजदार त्या दिवशी पेटले होते. त्यांनी चूक म्हणून केली नाही. दिवेलागणीच्या आत वामनमास्तर हरले.

फौजदार गावभर सांगत सुटले, आणि का सांगू नये? ‘घोडा नाकासमोर, आन् वामनमास्तरांना दिसला न्हाय! मी बोट ठेवून दाखवला. वर मलाच प्यादेमात देतो म्हणाले!’ कोर्टात, बाजारात, न्हाव्याच्या दुकानात हीच गोष्ट. शेट्टी म्हणायचे, ‘मास्तर, चष्मा घ्या आता.’ वर्गात पोरं फळ्यावर घोड्याचं चित्र काढून ठेवायची. मास्तर हातानं फळा पुसून गणित घालायचे. ज्या माणसाकडं मिरवायला दुसरं काही नव्हतं, त्याची ही दशा बघून माझा जीव तळतळायचा.

‘मास्तर, आता मधू पोचला सुखरूप. निदान शेट्टींना तरी सांगू द्या मला,’ मी एकदा म्हटलं.

‘गप बस. भरमाला उचलतील.’

‘बरं, पुढं कधीतरी मधूला तरी?’

ते खिडकीपासून दारापर्यंत गेले, परत आले. ‘त्याला तर अजिबात न्हाय. पोरगं जन्मभर माझ्याफुडं हात जोडून उभं ऱ्हाईल. मला न्हाय सोसायचं ते.’ मग खिडकीशी जाऊन म्हणाले, ‘आन् दत्तू, गाडी गेल्यावर मी जिंकायला खेळलो बघ. न्हाय जमलं. चांगला खेळला गडी.’ त्यांनी वहिनींच्या देखत मला शपथ घातली. असल्या शपथा घालणाऱ्या माणसांचा मला रागच येतो, पण घेतली.

स्वातंत्र्य जवळ आलं तशी वॉरंटं मागं घेतली गेली आणि मधू घरी आला. वाळलेला, काळवंडलेला, पण जिवंत. दुसऱ्याच दिवशी मी त्याला मास्तरांकडं घेऊन गेलो. मास्तरांना मी धड हिंडताफिरताना पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं. पुढं ते आजारी पडले आणि त्यातून उठलेच नाहीत.

मधूला बघून मास्तरांनी त्याचे दोन्ही दंड चाचपले. ‘वाळलास रं,’ म्हणाले. वहिनी थालीपीठ लावायला धावल्या. मधू मूळचाच थट्टेखोर, त्यातून सकाळी न्हाव्याच्या दुकानात जाऊन आलेला.

‘मास्तर, काय ऐकतोय हे मी?’ तो म्हणाला. ‘फौजदारानं धुतलं म्हणे तुम्हाला! घोडा समोर असून दिसला न्हाय?’

मला वाटलं याच्या एक कानाखाली ओढावी. मी तोंड उघडलंसुद्धा. मास्तरांनी माझ्याकडं नुसतं बघितलं.

‘व्हय की रं,’ ते म्हणाले. ‘न्हाय दिसला.’

मधू खो खो हसायला लागला. मास्तरही हसले. मग त्यांनी फडताळातून पट काढला आणि झपझप मोहरे मांडले, कोपऱ्यातला राजा, प्याद्यांचं कुंपण, वजीर, सगळं जसंच्या तसं. ‘बघ,’ म्हणाले, ‘ह्यो माझा घोडा, आन् हितं खेळायला पायजे हुतं मी.’ त्यांनी घोडा उचलला आणि त्या घरात ठेवला.

मधू वाकून बघत राहिला. ‘अरेच्चा, राजा आणि वजीर दोन्ही! एवढं सोपं, मास्तर?’

‘लई सोपं हुतं रं,’ मास्तर म्हणाले. वहिनी थालीपीठ घेऊन दारात आल्या होत्या, त्या तशाच मागं फिरल्या.